वीतभर जागा

नवा परवाना हातात पडला की माणूस पहिला प्रश्न विचारतो तो काडतुसाचा. .२४३ घेऊ की .३०८ (हे आकडे गोळीच्या जाडीचे, इंचात)? १०० ग्रेन वजनाची गोळी घेऊ की १५० ची? मी त्याला उलट विचारतो, हरणाचं हृदय कुठे असतं ते चित्रावर बोट ठेवून दाखव. बहुतेक जण बोट फार वर ठेवतात आणि थोडं मागे. आजचं बोलणं त्या बोटापासूनच सुरू करू. मी बोलतोय ते अर्थातच जिथे कायदा मुभा देतो तिथल्या, परवान्याच्या शिकारीबद्दल.

हरीण तुमच्यासमोर आडवं उभं आहे. पुढच्या पायाच्या मागच्या कडेने नजर सरळ वर न्या. छातीच्या तळापासून पाठीपर्यंत जेवढी उंची आहे, तिचा एक तृतीयांश भाग चढलात की थांबा. इथून गेलेल्या गोळीला दोन्ही फुप्फुसं सापडतात, हृदयाचा माथा सापडतो, तिथून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या सापडतात. मध्यम चणीच्या हरणात ही जागा वीतभर रुंद असते. नेम चार बोटं इकडेतिकडे झाला तरी ती सांभाळून घेते. डोकं तसं सांभाळून घेत नाही, म्हणून डोक्यावर नेम धरू नका असं मी कळकळीने सांगतो. मेंदू मूठभर, मान सतत हलती, आणि गोळी जरा खाली उतरली की जबडा फुटतो. ते हरीण पळून जातं, त्याला चरता येत नाही, आणि ते दिवसचे दिवस उपाशी राहून मरतं.

दुसरी फसगत पाठीच्या रेषेची. खांद्यापाशी कणा वरच्या कडेला नसतो, बराच खाली असतो. वर असतात ती मणक्यांची उंच हाडं आणि मांस. तिथे गोळी लागली की धक्क्याने हरीण जागीच कोसळतं, शिकारी खूश होऊन उठतो, आणि मिनिटभरात हरीणही उठून चालू लागतं. कोसळलेल्या हरणावरून दुर्बीण हलवायची नाही. दुसरं काडतूस लगेच नळीत चढवायचं आणि बघत राहायचं. उलट फुप्फुसांत नीट लागलेलं हरीण पुष्कळदा पन्नास-शंभर मीटर धावतं. मेंदूला मिळालेला प्राणवायू संपेपर्यंत पाय चालतात. ते पळालं म्हणजे नेम चुकला असं समजू नका.

हरीण तिरकं, तोंड पलीकडे करून उभं असेल तर अलीकडचा खांदा विसरा. गोळी पलीकडच्या पुढच्या पायापाशी पोचायला हवी, तिथून उलट मोजत या. मग ती कधी कधी बरगड्यांच्या बरीच मागून आत शिरते, तेच बरोबर असतं. तोंड तुमच्याकडे करून तिरकं असेल तर थांबा. थेट मागून तर कधीच नाही.

आता गोळी. शिशाचा गाभा, वर तांब्याचं कवच, टोक मऊ किंवा पोकळ. मांसात शिरताच टोक मागे दुमडत जातं आणि गोळी मूळ जाडीच्या दीडपट-दुप्पट रुंद होते. पूर्ण कवचाची सैनिकी गोळी अशी फुलत नाही, बारीक भोक पाडून निघून जाते. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यामुळे फुलणाऱ्या गोळीचं नाव जगभर झालं, आणि १८९९ मध्ये हेगच्या जाहीरनाम्याने ती युद्धात वापरायला बंदी आली. इंग्लंडचा १९९१ चा हरीण कायदा मात्र रायफलीत मऊ किंवा पोकळ टोकाचीच गोळी हवी म्हणतो. मला यात विसंगती दिसत नाही. युद्धात जखमी माणूस वाचावा ही इच्छा असते. शिकारीत जखमी हरीण मागे उरू नये ही.

फुलणंही मापात हवं. १९४६ मध्ये जॉन नॉस्लर हा अमेरिकन शिकारी कॅनडात मूसच्या, म्हणजे तिथल्या अवाढव्य हरणाच्या, शिकारीला गेला होता. त्याच्या गोळ्या पुरेशा आत न जाता वरच्या वर फुटल्या. परत येऊन त्याने मधोमध धातूची भिंत असलेली गोळी घडवली आणि १९४८ मध्ये ती विक्रीला आली. पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून खोल जातो. अखंड तांब्याची गोळीही अशीच खोल जाते, आणि मांसात शिशाचे कण सोडत नाही. शिकारीनंतर रानात टाकलेल्या आतड्यांतलं शिसं खाऊन कॉन्डॉर पक्षी मरत होते, त्यामुळे कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी पूर्ण बंद केली. एक लक्षात ठेवा, तांब्याला फुलायला वेग जास्त लागतो. पाकिटावर छापलेला वेग नळीच्या तोंडाशी मोजलेला असतो. हरणापाशी पोचेतो किती उरतो, ते कंपनीच्या तक्त्यात बघा आणि आपलं अंतर त्यावरून ठरवा.

राहिला .२४३ की .३०८ हा प्रश्न. मध्यम हरणाला दोन्ही पुरतात. जिच्या धक्क्याने तुमचे डोळे मिटत नाहीत ती रायफल घ्या.

माझ्याकडून झालेली चूक सांगतो. संध्याकाळ उतरत होती, मादी माझ्याकडे तिरकं तोंड करून उभी होती. थांबायला हवं होतं, मी घोडा ओढला. ती पाठ बाकवून हळूहळू झाडीत गेली. गोळी पोटात लागली याची ती खूण, मला ती तेव्हा वाचता आली नाही. उभी होती तिथे तुटलेले केस होते, पानांवर हिरवट ओल आणि कोठ्याचा वास. फुप्फुसाचं रक्त गुलाबी, फेसाळ असतं, यकृताचं गडद. हिरवं दिसलं की निदान सहा तास जागचं हलायचं नसतं. मी दहा मिनिटांत माग काढायला निघालो आणि तिला उठवून उठवून पुढे ढकलत राहिलो. सकाळी ती सापडली. वाटेत तीन ठिकाणी गवत चेपलेलं होतं, प्रत्येक ठिकाणी ती बसली होती, आणि पहिली जागा मी गोळी झाडली तिथून ऐंशी पावलांवर होती.