सांधा कुणी घ्यायचा?

निमंत्रणात विषय छापलाय तो असा: 'रॉक अल्बमवर चाहत्यांनी मिळून व्हिडिओ करायचा तर नियोजन कसं करावं'. एवढं लांबलचक शीर्षक माझं नाही. फोनवर मी फक्त 'सांधा' एवढाच शब्द सांगितला होता. पलीकडून विचारणा झाली, "गुडघ्याचा का?" आपल्या मंडळाच्या सभासदांचं वय बघता प्रश्न रास्त होता. माझा सांधा म्हणजे एक गाणं संपून दुसरं सुरू होतं ती जागा. तेव्हा गुडघ्यासाठी कुणी आलं असेल तर चहा घेऊन खुशाल निघा, राग नाही.

बाकीच्यांना पिंक फ्लॉइड हा इंग्लंडचा रॉक बँड सांगत बसत नाही. निम्म्या लोकांनी त्यांचा 'द डार्क साइड ऑफ द मून' हा अल्बम माझ्याच घरी, माझ्याच स्पीकरवर, माझ्या बायकोचे पोहे खात ऐकलाय. मार्च १९७३, १० तुकडे, ४३ मिनिटं. पुढे जाऊ.

चाहत्यांनी दुसऱ्याच्या चित्रांवर दुसऱ्याचं गाणं चढवायचं, हा उद्योग इंटरनेटच्या आधीचा आहे. १९७५ साली अमेरिकेत कँडी फाँग या बाईंनी 'स्टार ट्रेक' या टीव्ही मालिकेच्या फिल्मच्या टाकाऊ फ्रेम्स स्लाइडमध्ये बसवल्या आणि गाण्याबरोबर प्रोजेक्टरवर एकेक सरकवत नेल्या. १९८२ साली जिम कपोस्टास नावाच्या तरुणाने दोन व्हीसीआर एकमेकांना जोडले आणि जपानी अॅनिमेशनमधली हाणामारी बीटल्सच्या प्रेमाचा महिमा सांगणाऱ्या गाण्यावर बसवली. अॅनिमे म्युझिक व्हिडिओ, म्हणजे एएमव्ही, या प्रकाराचा जन्म तिथला मानतात. दोन व्हीसीआरवर ज्यांनी लग्नाच्या कॅसेटची कॉपी काढली आहे त्यांना हे काम काय होतं ते कळेल. एकावर प्ले, दुसऱ्यावर रेकॉर्ड, पॉज सोडला की यंत्र जागं व्हायला जरा वेळ घेणार, तो वेळ मनातल्या मनात वजा करायचा. एक कट चुकला की मागे. अनडू नाही. आमची आजची पोरं अनडूवर जगतात. मीसुद्धा.

पुढे संगणक आले आणि लोक मिळून करायला लागले. एक गाणं किंवा अख्खा अल्बम घ्यायचा, तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा एकेका संपादकाला द्यायचा आणि शेवटी जोडायचं. मल्टी-एडिटर प्रोजेक्ट, बोलताना एमईपी. मी असे तीन केले. दोन बुडाले. तिसरा पूर्ण झाला, आणि आजची तक्रार त्या पूर्ण झालेल्याचीच आहे.

तर तो तिसरा. अल्बम हाच. १० तुकडे, १० संपादक, मी समन्वयक. समन्वयक म्हणजे लग्नातला तो काका, ज्याला मांडववाला, आचारी आणि भटजी तिघंही फोन करतात आणि फोटोत मात्र तो कुठेच नसतो. दोघं पुण्यातले, एक नागपूरची, बाकी कुणी फिनलंडात, कुणी ब्राझीलमध्ये, कुणी मनिलात. पहिल्या दिवशी मी विचारलं, कुणाला कुठलं गाणं? एका तासात 'टाइम'साठी पाच जण, 'मनी'साठी चार, आणि 'स्पीक टू मी'साठी शून्य. पंगतीत जिलबी वाढायला सगळे धावतात तसं झालं. मीठ कुणी वाढायचं? आणि पानात पहिलं मीठच पडतं.

कसंबसं वाटप झालं. आठ महिने गेले. फाइली आल्या, मी एकापुढे एक लावल्या आणि एका मित्राच्या क्लासच्या हॉलमध्ये ४० माणसांना दाखवल्या. घरच्यांना, शेजाऱ्यांना, वरच्या मजल्यावरच्या निवृत्त बँक मॅनेजरना. पहिला तुकडा सवा मिनिटाच्या आत संपला. पडदा काळा. त्यावर संपादकाचं टोपणनाव, मग नाव हळूहळू विरलं. आवाजही तिथेच तुटलेला. समोरची माणसं सुसंस्कृत. त्यांना वाटलं, संपलं. टाळ्या.

दुसरा तुकडा, काळोख, नाव, टाळ्या. तिसऱ्यानंतर बँक मॅनेजर उठले, मला म्हणाले, "छान झालं हो, छोटेखानी," आणि चप्पल शोधायला लागले. त्यांना परत बसवेपर्यंत 'टाइम'मधली घड्याळं वाजून गेली. अहो, ती घड्याळं! अल्बमचा ध्वनिमुद्रक अॅलन पार्सन्सने जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेकाचा आवाज वेगवेगळा घेतला आणि मग सगळी एकदम वाजतील अशी जुळवली. तो क्षण आमच्या सोसायटीने चप्पल शोधण्यात घालवला. एकूण नऊ वेळा टाळ्या पडल्या. आणि दहाव्यांदा, खरोखर संपलं तेव्हा, एकानेही वाजवल्या नाहीत. लोक शहाणे झाले होते.

त्या रात्री झोप लागली नाही. एकही संपादक वाईट नव्हता. नागपूरच्या मुलीचं 'द ग्रेट गिग इन द स्काय' मी आजही कुणाला दाखवतो. गायिका क्लेअर टोरीच्या त्या बिनशब्दांच्या गाण्याला तिने एकच दृश्य दिलं, समुद्रावरून मागे मागे जाणारा कॅमेरा, आणि आवाज चढला तरी कट केला नाही. कट न करायला धाडस लागतं. मग बिघडलं कुठे? ज्या अल्बममध्ये गाणी एकमेकांत ओतलेली आहेत, त्यात आम्ही नऊ ठिकाणी अंधार घातला. कारण गाणी दहा जणांनी घेतली होती आणि सांधा कुणाचाच नव्हता.

माझं एवढंच म्हणणं आहे. गाणी वाटायच्या आधी सांधे वाटा.

कुणी म्हणेल, 'स्टार वॉर्स अनकट' कसं जमलं मग? २००९ मध्ये केसी प्यू याने चित्रपटाचे १५-१५ सेकंदांचे ४७३ तुकडे पाडले आणि जगभरच्या चाहत्यांनी ते परत चित्रित केले, कुणी घरातल्या कुत्र्याला घेऊन, कुणी पुठ्ठ्याचं विमान करून. २०१० मध्ये त्याला एमी, म्हणजे अमेरिकेतला टीव्हीचा मोठा पुरस्कार, मिळाला. तिथे जमलं, कारण सांधे मूळ चित्रपटानेच घालून दिले होते. दार उघडलं की पुढच्या तुकड्यात माणूस आत येणार, मग तो माणूस कुत्रा का असेना. अल्बमला असं दार नसतं.

आणि कुणी तरी 'विझर्ड ऑफ ऑझ' काढणारच, म्हणून मीच काढतो. १९३९चा तो चित्रपट आवाज बंद करून लावायचा, वर हा अल्बम, आणि बघा म्हणे कसं जुळतं. बँडने आणि पार्सन्सनेही असं काही ठरवून केल्याचं नाकारलंय. मी स्वतः प्रयोग केलाय, अल्बमवर शेजारच्या बारशाचा व्हिडिओ लावून. तोही जुळला. शेवटच्या 'एक्लिप्स' गाण्याला बाळ रडलं. आपलं डोकंच असं आहे, दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की नातं लावून मोकळं. योगायोग फुकट मिळतो. सांधा बसून करावा लागतो.

आता 'मनी'. हे सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही. ज्याने 'मनी' घेतलं तो कुठला, काय नावाचा, ते सोडा. दुसऱ्या महिन्यात विचारलं, कुठवर आलं? "९० टक्के." चौथ्या महिन्यात? "९० टक्के." सातव्या महिन्यात हार्ड डिस्क गेली. तरी ९० टक्के! मी म्हटलं, बाबा, डिस्क गेल्यावर तरी खाली ये. शेवटी प्रयोगाच्या आदल्या रात्री दीड वाजता फाइल आली. बघतो तर कट चुकताहेत. आधी चुकत नाहीत, मग चुकतात, मग परत बरोबर. मी तीनदा पाहिलं. मग टेबलावर ठेका धरला आणि हसू आलं. याने सगळं चार-चारात कापलं होतं. 'मनी' सात मात्रांत आहे!

इथे तबल्याला बसलेली मंडळी आहेत, धरा रूपक. तीन-दोन-दोन असे खंड नका पाडू, नुसत्या सात मोजा. सुरुवातीला जे आवाज ऐकू येतात, नाणी, कागद फाटणं, गल्ल्याचं यंत्र, त्यांच्या फितीचे तुकडे पट्टीने मोजून सारखे कापले आणि चिकटवून गोल फिरवले. नाणी तर बँडच्या रॉजर वॉटर्सने बायकोच्या मातीकामाच्या शेडमध्ये भांड्यात टाकून रेकॉर्ड केली होती. म्हणजे गाण्याचा पायाच मुळी कात्री आणि पट्टीने केलेला कट आहे. संपादकाला याहून सोपं गाणं नाही, फक्त सातपर्यंत मोजता आलं पाहिजे. सॅक्सोफोनही सातातच. मग गिटार येते ती चारात. म्हणून तिथे या गृहस्थाचे कट अचानक बरोबर बसायचे आणि त्याला वाटायचं आपलं ९० टक्के झालंय. माझे तबल्याचे मास्तर असते तर म्हणाले असते, समेवर आलास, पण दुसऱ्याच्या.

वर त्याची फाइल सेकंदाला २३.९७६ फ्रेमची आणि माझी टाइमलाइन २४ची. हजारात एकाचा फरक, दिसत नाही. पण सव्वासहा मिनिटांच्या गाण्यात शेवटी नऊ फ्रेमची घसरण होते. अख्ख्या अल्बमवर गेलात तर अडीच सेकंद. अडीच सेकंदांत बँक मॅनेजर उठून उभे राहतात.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे. हॉल रिकामा करणे.' मागच्या महिन्यातल्या वक्त्यांना पावणेदोन तास दिले होते, विषय होता मूळव्याध. असो. नियोजन सांगतो, भराभर लिहून घ्या.

सगळ्यांना एकच ध्वनिफाइल, अल्बमची सलग, एकाच आवृत्तीतून, समन्वयकाने दिलेली. वाव्ह, म्हणजे न दाबलेली. ज्याने त्याने आपापली एमपी३ आणायची नाही. एमपी३ करताना सुरुवातीला शांततेचा अगदी बारीक तुकडा चिकटतो, एका फ्रेमहून कमी, पण दोन गाणी जोडताना टिच्च ऐकू येतं. आमचे आवाज तुटले ते काही अंशी यामुळे. फ्रेम रेट आणि पडद्याचा आकार पहिल्या दिवशी ठरवा आणि एका रिकाम्या चाचणी-फाइलवर सगळ्यांकडून रेंडर, म्हणजे तयार व्हिडिओ फाइल, करून घ्या. ज्याची चाचणी आली नाही त्याचं गाणं राखीव माणसाकडे. राखीव माणसं दोन तरी हवीत, आणि त्यांना राखीव आहात हे सांगून ठेवा, नाही तर रुसतात.

सांधे नऊ. त्यातला 'द ग्रेट गिग'नंतरचा मूळ तबकडीची बाजू संपते तिथला, उठून तबकडी उलटायची ती जागा. अंधार हवाच असेल तर तेवढा तिथे घाला. उरले आठ. प्रत्येक संपादकाला त्याच्या गाण्याच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा सेकंद जास्तीचे द्या, म्हणजे शेजाऱ्याच्या हद्दीत पाय. दोघा शेजाऱ्यांनी आधी फक्त ते वीस सेकंद करायचे. एकाच्या शेवटच्या चित्रात जे असेल, गोल, रंग, हालचालीची दिशा, काहीतरी दुसऱ्याच्या पहिल्या चित्रात गेलं पाहिजे. आठही सांधे मंजूर झाले की मग गाणी. पहिल्या महिन्यात सांधेच. यात कंटाळवाणी माणसं आपोआप गळतात, हा फायदा वेगळा. नावं शेवटी, एकत्र.

'टाइम'च्या पोटात 'ब्रीद' परत येतं, तेव्हा त्या दोन गाण्यांच्या संपादकांची ओळख करून द्या. एकाने ज्या माणसाला घराबाहेर काढलं, दुसऱ्याने त्याला चुलीपाशी परत आणावं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मला आठ महिन्यांनी कळलं: 'स्पीक टू मी' पहिलं असलं तरी करायचं सगळ्यात शेवटी. त्यात काय आहे? घड्याळं, गल्ला, हसणं, किंचाळी, हृदयाचे ठोके, म्हणजे पुढे येणाऱ्या आवाजांची नांदी. मग चित्रंही पुढच्या नऊ जणांची हवीत, एकेक चमक. ती त्यांनी केल्याशिवाय मिळणार कुठून? म्हणून ते गाणं समन्वयकाचं. मीठ त्यानेच वाढायचं. शेवटी ठोके परत येतात, तिथला तुकडाही त्यानेच ठेवावा, म्हणजे अल्बम पुन्हा पहिल्यापासून लावला तरी चित्र जुळेल.

हक्कांबद्दल प्रश्न येणार. गाणं आपलं नाही, चित्रं आपली नाहीत, पैसे घ्यायचे नाहीत. यूट्यूबवर गाणं आपोआप ओळखणारी यंत्रणा आहे, अख्खा अल्बम चढवून 'का काढला' म्हणून रडायचं नाही. हॉलमध्ये चार माणसांत दाखवा. २०२३ मध्ये अल्बमला ५० वर्षं झाली तेव्हा बँडनेच गाण्यांवर अॅनिमेशनची स्पर्धा घेतली होती. तसं काही निघालं तर रीतसर भाग घ्या. बाकी प्रश्न खाली, चहाच्या टपरीवर.

वॉचमन दिव्यांपाशी उभे आहेत. दादा, घालवा दिवे, तसंही मला अंधारच हवाय. चौथ्या प्रकल्पाचा एक सांधा आणलाय, 'मनी'तून 'अस अँड देम'मध्ये जाणारा, वीस सेकंदांचा. 'मनी'ला नवा माणूस आहे, तबला शिकलेला. मध्ये बोलण्याचे आवाज विरत जातील आणि ऑर्गन येईल. पडदा क्षणभर काळा झाल्यासारखा दिसेल. तो काळा नाही, गडद निळा आहे, हॉलचा प्रोजेक्टर जुना आहे. टाळ्या वाजवू नका.