आठ गुंठे कोबी

(टिपाडात काठी फिरते आहे. जवळून.)

दोनशे लिटरचं निळं टिपाड. काठी घड्याळाच्या काट्यासारखीच फिरवायची, उलटी नाही, अशी काकींची ताकीद आहे. का, ते त्यांनाही ठाऊक नाही. सेंद्रिय शेतीच्या शिबिरात तसं सांगितलं होतं. आत पाणी, दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. वरून गोणपाट. दोन दिवस सावलीत ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. पहिल्या दिवशी शेणाचा वास येतो, तिसऱ्या दिवशी आंबूस. तो आला की जीवामृत, म्हणजे पिकाला द्यायचं हे आंबवलेलं पाणी, तयार झालं.

एकराला एक टिपाड, असा हिशेब. काकींच्या वाट्याला आठच गुंठे आलेत, त्यामुळे उरलेलं जावेच्या मिरचीला जातं.

(शिवार. बांधाच्या दोन्ही बाजू.)

बेळगावच्या उत्तरेला, कडोलीकडचं हे शिवार. माती तांबडी. खाली मार्कंडेय नदी. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मिरची, कोथिंबीर. इथला माल रात्री गाडीत चढतो आणि चोर्ला घाट उतरून सकाळी गोव्यात पोहोचतो. भाजीपाल्याच्या बाबतीत गोवा बेळगाववर किती विसंबून आहे, ते घाट बंद पडला की दोन्हीकडे कळतं.

बांधाच्या अलीकडे काकींचे आठ गुंठे. पलीकडचं सगळं काकांचं. एकाच घरात दोन शेत्या: अलीकडे सेंद्रिय, पलीकडे रासायनिक.

"मी करतो म्हटलो, करतो," काकी म्हणतात. आमच्याकडे बायकाही 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात. लांबच्या प्रेक्षकांनी दचकू नये.

(शेणखताची ट्रॉली रिकामी होते आहे. मग युरियाचं पोतं.)

हे दोन ढीग नीट बघा. एकरभर कोबीला ढोबळमानाने साठ किलो नत्र (नायट्रोजन) लागतं. युरियाचं पोतं 45 किलोचं, त्यात नत्र वीस-एकवीस किलो. म्हणजे तीन पोती झाली की काम झालं. मोटरसायकलवर दोन खेपांत येतात. शेणखतात नत्र शेकडा अर्धा किलो. तेच साठ किलो हवं तर बारा टन शेणखत ओढायचं, पसरायचं, मातीत मिसळायचं. एवढं करूनही त्यातलं सगळं पहिल्या हंगामात पिकाला मिळत नाही. मातीतले जिवाणू ते हळूहळू मोकळं करतात, आणि कोबी तर तीन महिन्यांत कापायचा असतो. सेंद्रिय भाजीचा गड्डा लहान का राहतो, त्याचं निम्मं उत्तर इथंच आहे.

उरलेलं निम्मं पानाखाली.

(पान उलटलं. हिरवी अळी.)

बोट लागलं की ही अळी वळवळते आणि तोंडातून धागा सोडत खाली लोंबकळते. पाहिलंत? पुढं हिचा चौकोनी ठिपक्याचा पतंग होतो. कोबीवाल्याची झोप उडवणारा तोच.

म्हणून ही पिवळी फुलं. शोभेसाठी नाहीत. कोबीच्या दर पंचवीस ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी. एक ओळ कोबीच्या आधी पंधरा दिवस पेरायची, दुसरी कोबी लावल्यावर पंचवीस दिवसांनी, म्हणजे कोवळी मोहरी सतत हाताशी राहते. पतंगाला कोबीपेक्षा मोहरी आवडते, अंडी तिच्यावर पडतात. फवारणी मोहरीवर करायची. तीही लिंबोळीची: पंधरा लिटरच्या पंपाला पाऊण किलो लिंबोळीची भुकटी, रात्रभर भिजवून, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळून. फवारा संध्याकाळीच मारायचा, कारण उन्हात लिंबोळीचा गुण उतरतो.

काकांची फवारणी आम्हाला टिपता आली नाही. आम्ही पोचलो तेव्हा ते आंघोळ करून ओसरीवर बसले होते. पंप धुऊन उपडा घातला होता.

(कोबी कापणी. विळा, देठ, बाहेरची पानं.)

कापणीचा दिवस. बाहेरची तीन-चार पानं सोलून टाकायची, म्हणजे आतला गड्डा पांढरा दिसतो. काकींच्या वाफ्यातली ही पानं सरळ म्हशीपुढं जातात. पलीकडची बांधावर पडून राहतात.

(तराजू. आधी एक गड्डा, मग दुसरा.)

काटा कुठं थांबतो, ते दिसतंच आहे.

सेंद्रिय गड्डा हलका भरतो, हे या एकाच बांधावरचं नाही. जगभरचे प्रयोग एकत्र करून 2012 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक तुलना छापून आली. सेंद्रिय उत्पादन रासायनिकपेक्षा परिस्थितीनुसार 5 ते 34 टक्के कमी. भाजीपाल्यात तूट साधारण एक तृतीयांश, म्हणजे वरच्या टोकालाच. तेव्हा 'सेंद्रियातही तेवढंच पिकतं' असं जे भाषणात सांगतात, ते कोबीच्या बाबतीत तरी खरं नाही. पण स्वित्झर्लंडमध्ये 1978 पासून चाललेला एक प्रयोग आहे. त्यात एकवीस वर्षांच्या हिशेबात सेंद्रिय शेतात पीक रासायनिकपेक्षा 20 टक्क्यांनी कमी आलं, आणि कीटकनाशकं 97 टक्क्यांनी कमी लागली. एकरी किती टन, हे सगळे विचारतात. त्या टनांसाठी काय काय ओतलं, ते तराजूवर येत नाही.

(भाताची कापलेली खोडं. त्यात मसूर.)

आता जरा दक्षिणेला. येळ्ळूर, शहापूर, वडगावचं काळं शिवार. भात कापला की त्याच ओलीवर मसूर. पाणी नाही, खत नाही. आजे-पणजे हेच करत आले. मसुराच्या मुळांवरच्या या गाठी बघा, हवेतलं नत्र जमिनीत आणणारे जिवाणू यांत राहतात. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी 115 अभ्यासांची बेरीज केली, तेव्हा सेंद्रियाची सरासरी तूट 19 टक्के निघाली. पण सेंद्रिय शेतकऱ्यानं पिकांची फेरपालट केली आणि समोरच्या रासायनिक शेतात ती नसेल, तर तूट साधारण 8 टक्क्यांवर येते. आमच्या या शिवाराला फेरपालट कुणी शिकवायला नको. ती कोबीच्या वाफ्यापर्यंत आली नाही, इतकंच.

(रात्र. मार्केट. पोती चढताहेत.)

दर? दोन्हीला एकच. पोती एकाच गाडीत गेली. 'सेंद्रिय' असा शिक्का गटानं मिळवायचा तर सोबत आणखी शेतकरी लागतात, काकी एकट्या आहेत.

(सकाळ. वाफे मोकळे. काकी हरभऱ्याचं बी निवडताहेत.)

कोबीच्या जागी हरभरा येणार. आणि पुढच्या कोबीला आठऐवजी बारा गुंठे हवेत, असं काकींनी काल जेवताना सांगून टाकलं.

(काका बांधावर पावलं टाकत मोजताहेत.)

काका अजून हो म्हणालेले नाहीत.