पैलतीरी गेलेले देव : गोव्यातले चार दिवस

(दृश्य: सकाळ. कुशावती नदीचं वळण. नदीकाठचा ओला कातळ.)

रिवण गाव मागे पडलं की झाडीतून एक वाट कुशावतीकडे उतरते. वाट संपते तिथे नदीला लागून जांभ्याचा सपाट कातळ पसरलाय. जागेचं नाव उसगाळीमळ. पहिल्या नजरेला इथे काही म्हणजे काहीच दिसत नाही. मग राखणदार कळशी भरून आणतो आणि हळूहळू कातळावर ओततो.

पाणी खाचांमधून धावायला लागतं. आधी दोन शिंगं उमटतात. मग वशिंड, पाठीची रेष, पाय. बघता बघता एक आख्खा बैल आपल्या पायाशी उभा राहतो. पुढे हरणं आहेत, माणसं आहेत आणि चक्रव्यूहासारखी गोल गोल फिरत आत जाणारी एक आकृती आहे. बोट ठेवून तिच्या वाटेने जाऊ लागलात तर मध्यावर पोचायला बराच वेळ लागतो. 1993 मध्ये ही चित्रं अभ्यासकांच्या नजरेत आली. गावातल्या गुराख्यांना ती ठाऊक होतीच. लोखंड हाती नसलेल्या माणसांनी हजारो वर्षांपूर्वी दगडाने दगड कोरून ती काढली. कळशीतलं पाणी वाळलं की बैल पुन्हा कातळात विरघळतो.

चार दिवसांच्या या सफरीची सुरुवात आम्ही मुद्दाम इथून केली. गोव्याचा इतिहास म्हटलं की गाड्या थेट जुन्या गोव्याच्या चर्चपाशी लागतात, दीड तासात फोटो काढून होतात आणि संध्याकाळी सगळे किनाऱ्यावर. आमच्या मिनी बसमध्ये सांगली, पुणे, डोंबिवली अशा ठिकाणची मंडळी होती. त्यांतल्या निम्म्यांचं कुलदैवत गोव्यात. वर्षानुवर्षं येतात, अभिषेक करतात, प्रसाद घेतात आणि परत जातात. त्यांच्यासाठी, आणि तुमच्यासाठीही, आमची एकच विनंती होती. गोव्यात कुठलीही जुनी वास्तू पाहिलीत की एक प्रश्न विचारा: ही इथली, की दुसरीकडून आलेली?

कारण या भूमीत देव चालले आहेत. देवळं चालली आहेत. राजधान्याही चालल्या आहेत.

उसगाळीमळहून जवळच साळावली धरण. याच्या पाण्याखाली कुर्डी गाव गेलं. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांच्या नावातलं कुर्डी ते हेच. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की घरांचे चौथरे, तुळशीवृंदावनं वर येतात आणि विस्थापित झालेले गावकरी आपापल्या देवस्थानाशी जमतात. गावातलं महादेवाचं जुनं दगडी देऊळ मात्र बुडू दिलं नाही. एकेक दगड सुटा करून ते धरणाजवळ आणलं आणि पुन्हा रचलं. कुर्डीची आणखी एक ठेव होती, जांभ्यात कोरलेली आदिमातेची मोठी मूर्ती. तीही हलवली. तिची भेट आम्हाला शेवटच्या दिवशी झाली.

कुशावतीचं बोट धरून खाली उतरलं की चांदर. आज ते नारळीच्या आणि मोठमोठ्या ख्रिस्ती वाड्यांच्या सावलीतलं शांत गाव आहे. पण हेच चंद्रपूर, भोज घराण्याची राजधानी. शिरोड्याला सापडलेला भोज राजा देवराज याचा ताम्रपट चंद्रपुराहून दिलेला आहे, साधारण चौथ्या शतकातला. पुढे कदंब घराण्यातल्या राजांनीही काही काळ इथूनच राज्य केलं. 1929 मध्ये इतिहाससंशोधक फादर हेरास यांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा विटांच्या देवळाचा पाया लागला. शीर नसलेला दगडी नंदी अजून तिथेच बसून आहे. या भागाला लोक आजही ‘कोट’ म्हणतात. तट कधीच गेला, नाव राहिलं. आणि नाचही राहिला. कार्निव्हालच्या दिवसांत कोट वाड्यावरचे ख्रिस्ती गावकरी हातात मुसळं घेऊन ‘मुसळां खेळ’ खेळतात. मुसळ जमिनीवर आपटतं तो ठेका ऐकलात की धर्म बदलला तरी मातीची आठवण पुसली जात नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही.

(दृश्य: दाट जंगल. रगाडो नदीवरचा पूल. पानांआडून काळं शिखर.)

दुसरा दिवस संपूर्णपणे तांबडी सुर्लाचा. पणजीहून 60-65 किलोमीटर, अनमोड घाटाच्या पायथ्याशी. शेवटचा रस्ता अभयारण्याच्या जंगलातला. गाडीतून उतरल्यावर आमच्यातलं बोलणं आपोआप थांबलं.

बाराव्या शतकातलं कदंबकालीन महादेवाचं देऊळ. आकाराने लहान. मोठं देऊळ पाहायच्या तयारीने आलेल्यांची क्षणभर निराशा होते, पण जवळ जा. हा दगड पाहा. काळा, घट्ट, गार. बेसाल्ट. गोव्याचा स्वतःचा दगड जांभा. खाणीतून काढताना मऊ, हवा लागली की कठीण, घराच्या चिऱ्यांसाठी उत्तम, पण अंगभर भोकं असल्यामुळे त्यात नाजूक नक्षी टिकत नाही. म्हणून शिल्पींनी हा दगड घाटमाथ्यावरून आणला. सह्याद्रीचा तो उतार मान वर करून पाहा आणि मग मंडपातल्या खांबांना हात लावा.

दोन दगडांच्या मधल्या सांध्यावरून आम्ही अंगठ्याचं नख फिरवलं. नख अडकत नाही. मध्ये चुना नाही, काही नाही, वजनावर आणि खाचेवर सगळं तोललेलं. एका खांबाच्या पायाशी हत्ती घोड्याला तुडवतोय. हत्तीची सोंड बोटभर रुंदीची, पण तिची वळी मोजता येते. छतात उमललेलं कमळ. ते नीट पाहायचं तर मंडपात सरळ पाठीवर आडवं व्हावं. आमच्यातल्या सत्तरीच्या एका काकांनी तसं केलं आणि दहा मिनिटं उठलेच नाहीत.

पूर्वेला तोंड असलेल्या या देवळात सकाळचं ऊन आत येतं, ते नंदीच्या पाठीवरून गाभाऱ्याकडे सरकतं. शिखर अपुरं दिसतं. पण कदंबांच्या काळातलं इतकं शाबूत देऊळ गोव्यात दुसरं उरलं नाही. का उरलं? राजधानीपासून, बंदरापासून, रहदारीपासून लांब, जंगलाच्या कुशीत होतं म्हणून. जे देव नदीमुखाशी, व्यापाराच्या वाटेवर होते, त्यांच्या नशिबी हे नव्हतं.

तिसरा दिवस जुन्या गोव्याचा. घाई नको म्हणून भल्या सकाळी पोचलो.

या गावाचं आधीचं नाव एळा. आदिलशाहीचं भरभराटीचं बंदर. 25 नोव्हेंबर 1510 रोजी पोर्तुगीज सेनानी आफोंस द आल्बुकेर्कने ते जिंकलं आणि पुढची सव्वाचारशेहून अधिक वर्षं पोर्तुगीज इथे राहिले. आदिलशहाच्या इथल्या वाड्याची आज एक चौकट तेवढी उरली आहे. काळ्या दगडाच्या दोन बाजू आणि वर एक आडवा दगड. सेंट कायतान चर्चला जाणारे लोक तिच्या बाजूने जातात, पण थांबत नाहीत. तुम्ही थांबा. खांबांची कोरणी ओळखीची वाटेल. देवळातली आहे ती.

से कॅथेड्रल 1562 मध्ये सुरू झालं. त्याचा एक मनोरा 1776 मध्ये कोसळला, तो परत उभारलाच नाही, म्हणून ही भव्य दर्शनी बाजू एका खांद्याने उभी असल्यासारखी दिसते. समोरच्या बॉम जेझूस बाझिलिकात सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं शव चांदीच्या पेटीत आहे. 1552 मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर त्यांचं निधन झालं, तिथून मलाक्का, मग गोवा. खालचं संगमरवरी स्मारक इटलीहून, टस्कनीच्या ड्यूककडून आलेलं. या चर्चचा बाहेरचा गिलावा 1950 च्या दशकात काढून टाकला. तांबडा जांभा उघडा पडला आणि फोटोत तो फार सुंदर दिसतो, पण गोव्याचा पाऊस उघड्या जांभ्याला सोसवत नाही. भिंतीजवळ गेलात की दगडाचा भुगा बोटाला लागतो. या वास्तूची काळजी वाटते, मनापासून वाटते.

आमचं मन सर्वांत जास्त रमलं ते सेंट ऑगस्टीनच्या भग्नावशेषांत. 46 मीटर उंचीच्या घंटाघराचा अर्धाच भाग आभाळात उभा. 1602 मध्ये पुरं झालेलं हे चर्च 1835 मध्ये ओस पडलं, 1842 मध्ये छत कोसळलं, 1931 मध्ये दर्शनी भाग गेला. इथली घंटा आता पणजीच्या टेकडीवरच्या चर्चमध्ये वाजते, 1871 पासून. आणि इथे सापडलेलं एक हाड त्याहून लांब गेलं. जॉर्जियाची राणी केतेवान हिला 1624 मध्ये इराणात, शिराजला, हाल करून मारलं. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थी गोव्यात आणल्या. शतकांनंतर उत्खननात त्या मिळाल्या आणि 2021 मध्ये भारताने त्या जॉर्जियाला सुपूर्द केल्या. चारशे वर्षांनी राणी माहेरी गेली.

(दृश्य: फेरीबोट. मांडवीचं गढूळ पाणी. पलीकडे दिवाडी बेट.)

दुपारी आमची बस फेरीबोटीवर चढली. पाच-सात मिनिटांत दिवाडी. इथे कदंबांचं राजदैवत होतं, सप्तकोटीश्वर. ‘सप्तकोटीश्वर-लब्ध-वरप्रसाद’, म्हणजे सप्तकोटीश्वराचा वर लाभलेले, असं बिरुद ते राजे अभिमानाने मिरवत. बहमनी स्वारीत देऊळ पडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा बांधलं, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते उद्ध्वस्त केलं. आज दिवाडीवर जुन्या तीर्थाच्या पायऱ्या आहेत, शेवाळलेल्या, काही खचलेल्या. वरच्या टेकडीवर दफनभूमीतल्या लहानशा चॅपेलचं छत कदंबकालीन कोरीव दगडांचं आहे. क्रुसाच्या डोक्यावर देवळाचं छत. दोघं एकमेकांना सांभाळून आहेत.

लिंग मात्र नदीपार गेलं, डिचोलीतल्या नार्वे गावी. आम्हीही त्याच वाटेने गेलो, दुसऱ्या फेरीबोटीने. नार्व्याचं देऊळ डोंगराच्या कुशीत दडल्यासारखं आहे. 13 नोव्हेंबर 1668 रोजी छत्रपती शिवाजी महाराजांनी याच्या जीर्णोद्धाराला प्रारंभ केला. दारावरच्या शिलालेखात शके 1590 कोरलेलं आहे आणि महाराजांच्या आज्ञेचा उल्लेख आहे. अक्षरं ठसठशीत. बसमधली शाळकरी मुलगी ती मोठ्याने वाचायला लागली आणि आमच्यातले सगळे तिच्यामागे वाचू लागले. शहाजहानच्या काळातल्या ताजमहालाला जे दगडी वैभव आहे ते इथे नाही. कौलारू छप्पर, साधा सभामंडप, दीपस्तंभ. पण हा देव तीन वेळा उठला आहे.

चौथ्या दिवशी फोंडा, म्हणजे जुना अंत्रूज महाल. इथे देवळांची दाटी का, हे आता आमच्या मंडळींना सांगावं लागलं नाही. तिसवाडी, बार्देस, साष्टी हे महाल पोर्तुगीजांच्या हातात होते, आणि तिथे देवळं पाडली जात होती. नदीपलीकडचा अंत्रूज आदिलशहाचा. म्हणून कुठ्ठाळीचा मंगेश 1560 मध्ये जुवारी ओलांडून प्रियोळला आला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. आणि त्याच 1560 मध्ये फोंड्यात अली आदिलशहाने साफा मशीद बांधली. तिची तळी, तळीभोवतीच्या कमानी अजून सुरेख आहेत. नागेशीचा नागेश मात्र कुठूनही आला नाही. तो देव मूळचा इथलाच, आणि त्याच्या आवारात विजयनगरच्या काळातला 1413 चा शिलालेख आहे.

कवळ्याचं आजचं देऊळ 1738 च्या सुमाराचं, शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं. घुमट, कमानदार खिडक्या, उतरती कौलं. नदीपलीकडच्या चर्चचं वळण गवंड्यांच्या हातात उतरलं होतं आणि ते त्यांनी देवीसाठी वापरलं. बसमधल्या एका काकूंनी खणानारळाने ओटी भरली. बाहेर आल्यावर म्हणाल्या, “चाळीस वर्षं येतेय रे मी. केळशी कधी पाहिलीच नाही.”

पणजी धावती झाली. फोंतइन्यासच्या रंगीत गल्ल्या, आदिलशहाचा जुना वाडा, बस एवढंच. मग मडगावचा रस्ता. आगशीच्या अलीकडे गोवा वेल्हा. हेच गोपकपट्टण, कदंबांचं बंदर आणि चंद्रपुरानंतरची राजधानी. चढत्या गाळाने आणि स्वाऱ्यांनी ते संपलं. आता रस्त्यावरून फक्त माड दिसतात. जुवारीच्या पुलावर काकूंनी विचारलं, “केळशी कुठल्या अंगाला?” चालकदादांनी हात केला, “त्या डोंगराआड, बाय.” काकूंनी काचेतून हात जोडले. पुलाच्या टोकाला कुठ्ठाळी आलं, तेव्हा दोन-तीन जणांनी तिथेही जोडले.

शेवटचा थांबा वेर्णा. म्हाळसेची मूळ जागा. आता तिथे पुन्हा तिचं देऊळ आहे. आणि त्याच आवारात, कुर्डीहून आणलेली आदिमाता. जांभ्यातली, उताणी, माणसाहून उंच, नाक-डोळे झिजलेले. तिचं गाव पाण्याखाली. जिथून एक देवी निघून गेली होती, तिथे दुसरी येऊन राहिली.

काकूंच्या पिशवीत कवळ्याच्या प्रसादातलं अबोलीचं एक वळेसर उरलं होतं. त्यांनी ते तिच्या कडेला ठेवलं, पदर सावरला आणि बसमध्ये येऊन बसल्या.