चुइंगमचा कागद

मंडळी, नमस्कार.

कार्यवाहांनी फोनवर विषय ऐकला, हॅरी पॉटरची पुस्तकं आणि त्यांवरचे चित्रपट, आणि क्षणभर गप्पच झाले. मग म्हणाले, "ताई, आपल्याकडे येणारे श्रोते बहुतेक साठीच्या पुढचे असतात." म्हटलं, असू द्या की. रामकथा सगळ्यांना तोंडपाठ असते, म्हणून कीर्तनाला कुणी जायचं थांबतं का? उलट ज्याला गोष्ट ठाऊक असते तोच बुवांची चूक पकडतो. रामबागेत घराजवळ कीर्तन असलं की माझी आजी पुढची जागा धरून बसायची. बुवांनी आख्यान आटोपतं घेतलं तर ती काही बोलायची नाही. उशीर झाला असेल, म्हणायची. पण लक्ष्मणाचं बोलणं भरताच्या तोंडी गेलं, की घरी येईपर्यंत तिची कुरकुर चालायची. हॅरी पॉटरच्या चित्रपटांबद्दलची माझी तक्रार अगदी हीच आहे. पण तुम्ही तासभर दिला आहे, तेव्हा जरा उलगडून सांगते.

जादूच्या शाळेत शिकणाऱ्या हॅरी या पोरक्या पोराची ही गोष्ट. सात पुस्तकं, १९९७ ते २००७. आठ चित्रपट, २००१ ते २०११. शेवटच्या पुस्तकाचे दोन भाग केले म्हणून आठ. आमच्या घरात पहिलं पुस्तक मराठीतूनच आलं, बाळ ऊर्ध्वरेषे यांनी अनुवाद केलेलं, आपल्या शेजारच्या भोपाळच्या मंजुल प्रकाशनाचं, 'हॅरी पॉटर आणि परीस'. इंग्रजी नावातल्या त्या दगडासाठी दोन शब्द खर्च होतात. आपल्याकडे परीस म्हटलं की काम झालं. आजीला तिथूनच गोष्टीत रस वाटला. भाचा रोज दुपारी तिला वाचून दाखवायचा. पुढची पुस्तकं तो इंग्रजीतून वाचायचा आणि संध्याकाळी तिला मराठीत सांगायचा. अर्धं मराठी, अर्धं इंदुरी हिंदी, पण सांगायचा.

आता, चित्रपटात काटछाट होणारच. हिशेबच बघा. पहिल्या पुस्तकाची मूळ आवृत्ती २२३ पानांची, चित्रपट १५२ मिनिटांचा. पाचवं पुस्तक ७६६ पानांचं आणि चित्रपट १३८ मिनिटांचा. गादी बटव्यात कोंबायची म्हटल्यावर कापूस बाहेर येणारच. पीव्हज नावाचं खोडकर भूत कधी दिसलंच नाही. रिक मेयल या नटाबरोबर त्याची दृश्यं चित्रित झाली होती, ती पहिल्याच चित्रपटातून कापली. जादूगारांच्या घरी राबणाऱ्या एल्फ नावाच्या बुटक्या जमातीतली विंकी गेली, हॅरीची मैत्रीण हर्मायनीने त्या एल्फांच्या हक्कांसाठी काढलेली चळवळ गेली. हळहळ वाटते, पण मी भांडणार नाही. वेळ झाला असेल.

एका ठिकाणी मात्र दोन वाक्यांची कंजुषी फार महागात पडली. तिसरा चित्रपट, आल्फोन्सो क्वारोनचा. चित्रपट म्हणून आठांत मला हाच सगळ्यात आवडतो, हे आधीच सांगून टाकते. त्यात एक जादूचा नकाशा आहे, त्यावर करणाऱ्यांची चार टोपणनावं आहेत. ते चौघे कोण, हे चित्रपट शेवटपर्यंत सांगतच नाही. पुस्तकात कळतं की त्यांतला एक हॅरीचा बाप आणि उरलेले त्याचे तीन मित्र. बापाला हरणाचं रूप घेता यायचं. म्हणून पोराच्या कांडीतून रक्षणासाठी जे चंदेरी हरीण झेपावतं, ते एका अर्थाने बापच असतो. पडद्यावर हरीण येतं, तळ्याकाठी उजेड पडतो, संगीत सुंदर वाजतं. पुस्तक न वाचलेला माणूस म्हणतो, वा, काय हरीण आहे! पोरक्या पोराला बाप भेटला, हे त्याला कळतच नाही. दोन वाक्यं हो. तेवढ्या वेळात कंडक्टर तिकीट फाडतो.

याच चित्रपटात आजीचा भरत-लक्ष्मणाचा गुन्हाही घडला आहे. हॅरीचा जिवलग मित्र रॉन, त्याचा पाय मोडलाय. समोर उभा असलेला माणूस खुनी आहे अशी सगळ्यांची समजूत आहे. वेदनेने पांढरा पडलेला रॉन उठायची धडपड करत त्याला सांगतो, हॅरीला मारायचं तर आधी आम्हालाही मारावं लागेल. चित्रपटात हे वाक्य हर्मायनीला दिलं आणि रॉन कण्हत पडून राहिला. पहिल्या चित्रपटातही तेच. पुस्तकात वेलीच्या विळख्यात हर्मायनी गोंधळते, आग लावायला लाकूड नाही म्हणते, आणि रॉन ओरडतो, अगं, तू चेटकीण आहेस ना? पडद्यावर घाबरगुंडी रॉनची आणि शहाणपण सगळं तिचं. यात दोघांचंही नुकसान झालं. तो विदूषक उरला, आणि तिला कधी चुकायची मुभाच राहिली नाही. हुशार मुलीही घाबरतात हो. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं आहे, मला ठाऊक आहे.

सहाव्या चित्रपटात रॉनच्या बहिणीने, जिनीने, हॅरीच्या बुटाची नाडी बांधायचं ते दृश्य मी सोडून देते. त्यावर बोलण्यासारखं काही नाही.

शाळेचे म्हातारे मुख्याध्यापक डंबलडोर, त्यांच्याबद्दल बोलायलाच हवं. त्यांचं काम करणारे रिचर्ड हॅरिस २००२ साली गेले आणि तिसऱ्या चित्रपटापासून मायकेल गॅम्बन आले. चौथ्यात स्पर्धेसाठी नावं निवडणाऱ्या अग्निचषकातून हॅरीचं नाव अचानक बाहेर येतं. पुस्तकात म्हातारा त्याला शांतपणे विचारतो, नाव तू टाकलंस का? चित्रपटात ते धावत येतात, पोराला धरून मागे रेटतात आणि ओरडतात. मुख्याध्यापक ओरडले की मुलं घाबरतात खरी, पण खोटंही बोलतात. शांतपणे विचारलं तर पोटात गोळा येतो आणि खरं बाहेर पडतं. दिग्दर्शकाला वाटलं असेल की प्रसंग मोठा, तर आवाजही मोठा हवा. इथून पुढचे बिघाड पाहिलेत तर बहुतेक याच समजुतीतून झालेत. सहाव्यात रॉनच्या वीजली कुटुंबाचं घर जाळून टाकलं. पुस्तकात हे कुठेच नाही. बरं, जाळलं तर जाळलं, पुढच्या चित्रपटात त्याच घरी लग्न! विम्याचे पैसे भलतेच लवकर मिळाले.

आणि शेवट. गोष्टीतला खलनायक व्होल्डेमॉर्ट, त्याला आयुष्यभर एकच भीती, मरणाची. त्यासाठी त्याने आत्म्याचे तुकडे करून ठिकठिकाणी लपवले. पुस्तकात तो कुठे मरतो? शाळेच्या मोठ्या दालनात, पहाटे, सगळ्यांच्या देखत. गोलात उभे असतात ते दोघे, आणि हॅरी त्याला त्याच्या साध्या जन्मनावाने हाक मारतो, टॉम. त्याचाच मंत्र त्याच्यावर उलटतो आणि तो पडतो. नुसता पडतो, कुणीही पडावं तसा. मागे उरतं ते मढं, तेही उचलून बाजूच्या खोलीत वेगळं ठेवावं लागतं. चित्रपटात ओसाड चौकात दोघेच असतात आणि त्याच्या काळ्या चिंध्या होऊन वाऱ्यावर उडून जातात. बघायला कुणी नाही, उचलायला काही नाही. आपण माणसांपेक्षा वेगळे आहोत हाच त्याचा दावा होता ना? चित्रपटाने मरताना तो मान्य करून टाकला. २०११ साली टॉकीजमध्ये लोकांनी शिट्ट्या वाजवल्या, आणि शेजारी भाचा हळूच म्हणाला, "मावशी, बॉडी कुठंय?"

घरी आल्यावर त्याने आजीला सांगितलं. ती म्हणाली, "राख झाला म्हणजे सुटलाच की, मेला."

आता तिचीच एक गोष्ट सांगते आणि थांबते. पाचव्या पुस्तकात नाताळच्या सुट्टीत हॅरी आणि मंडळी जादूगारांच्या रुग्णालयात जातात. तिथे त्यांचा वर्गमित्र नेव्हिल भेटतो. छळामुळे त्याचे आईवडील भ्रमिष्ट होऊन कायमचे तिथे आहेत. पांढऱ्या केसांची ती आई बिचकत येते आणि मुलाच्या हातात काहीतरी ठेवते. चुइंगमचा रिकामा कागद. त्याची आजी म्हणते, टाक तो टोपलीत, असे ढीगभर दिलेत तिने आत्तापर्यंत. नेव्हिल बरं म्हणतो. पण हॅरी बघतो, तो कागद खिशात गेलेला असतो. चित्रपटात रुग्णालय नाही, आई नाही, कागद नाही. नेव्हिल एका जुन्या फोटोसमोर उभा राहून काय झालं ते तोंडाने सांगतो. मुलाने काम चांगलं केलंय, पण सांगतो.

भाच्याने ही गोष्ट आजीला सांगितली तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "घडी करून ठेवला का रे त्याने, की चुरगाळून?" पुस्तकात तसं काही दिलेलं नाही. भाच्याने आपल्या मनाने सांगितलं, घडी करून.

पुढे कधीतरी टीव्हीवर तो चित्रपट हिंदीत लागला. आजीने चष्मा मागवला, खुर्ची पुढे ओढून बसली. फोटोसमोरचं दृश्य आलं आणि गेलं. ती वाट बघत राहिली.

"कागद?"

"तो यात नाहीये, आजी."

"मग हे कशाला लावलंय," म्हणाली, आणि बातम्या लावायला सांगितल्या.