कणकेचा हात

(दिल्ली, पराठेवाली गली. लोखंडी कढई अगदी जवळून. पहिले दहा सेकंद निवेदन नाही, फक्त तुपाचा आवाज.)

इथे पराठा भाजत नाहीत, तळतात.

लाटीची वाटी करायची, सारण भरायचं, तोंड मिटायचं, वरची जास्तीची कणीक चिमटून काढायची आणि मग हलक्या हाताने लाटायचं. लाटण्याचा जोर एका कडेला जास्त पडला की सारण तिथूनच फुटतं. असा फुटका पराठा कढईत गेला तर बटाट्याचे कण तुपात पसरतात, जळतात आणि पुढच्या प्रत्येक पराठ्याला काळे ठिपके चिकटतात. म्हणून कारागिराच्या एका हातात कायम झारा असतो. पराठा उलटायचा, आणि उलटता उलटता तूपही निवळ ठेवायचं.

आता परातीकडे बघा. मळणाऱ्याचा जोर बोटांत नाही. तळव्याची मनगटाकडची जी गादी असते, तिथे तो आहे, आणि तिथपर्यंत कमरेतून, खांद्यातून आलेला आहे. माणूस पुढे झुकतो, वजन टाकतो, कणीक दुमडतो, पुन्हा वजन टाकतो. कुंग फूच्या तालमीत उघड्या तळहाताचा फटका शिकवतात, तोही याच गादीने मारायचा असतो.

या एका हालचालीवर अख्खा पिक्चर उभा राहू शकला असता. तो तसा उभा राहिला नाही, हे पहिल्यांदा ओळखलं तिकीट काढून बसलेल्या माणसाने.

(गल्लीतून कॅमेरा मागे मागे येतो. शीर्षक.)

१६ जानेवारी २००९, शुक्रवार. ‘चांदनी चौक टू चायना’ लागला. दिग्दर्शक निखिल अडवाणी, निर्मात्यांत रमेश सिप्पी आणि रोहन सिप्पी. हॉलिवूडच्या वॉर्नर ब्रदर्सचा हा पहिला हिंदी चित्रपट. नायक अक्षय कुमार. २००७ मध्ये त्याचे ‘नमस्ते लंडन’, ‘भूलभुलैया’ आणि ‘वेलकम’ चालले होते, २००८ च्या ऑगस्टमध्ये ‘सिंग इज किंग’ने थिएटरं भरली होती. त्याचं बालपण खुद्द चांदनी चौकात गेलेलं. बँकॉकमध्ये तो मार्शल आर्ट्स शिकला आणि तिथेच स्वयंपाकघरातही राबला. पराठ्याच्या टपरीवर भाजी चिरणारा सिद्धू चीनमध्ये जाऊन लढतो, ही भूमिका त्याच्या अंगावर बेतून शिवल्यासारखी होती.

आणि समोर खलनायक कोण, तर गॉर्डन लिऊ. १९७८ मध्ये हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्सने काढलेल्या ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’चा नायक. त्या चित्रपटात तालीम म्हणजे काय? दंडाखाली पाती बांधून पाण्याच्या बादल्या वाहायच्या. हात जरा खाली आला की पातं बरगडीत घुसलं. पाणी वाहण्यासारखं रोजचं काम शरीरात मुरतं आणि एक दिवस तेच लढणं होतं, ही गोष्ट पडद्यावर ज्या नटाने सगळ्यांत नेटकी करून दाखवली, तोच इथे भाजी चिरणाऱ्याच्या समोर उभा होता.

साहित्य सगळं ओट्यावर मांडलेलं होतं, एवढंच यातून सांगायचं आहे.

(एकपडदा थिएटर, प्रोजेक्शनची केबिन. लोखंडी जिना. ऑपरेटर यंत्राचं गेट उघडून ब्रशने साफ करतोय.)

तेव्हा थिएटरांत रिळं चालायची. पस्तीस मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चित्रांनी धावते, म्हणजे मिनिटाला ९० फूट. दोन हजार फुटांचं रीळ बावीस मिनिटांत संपतं. अडीच तासांहून मोठा पिक्चर म्हणजे सात-आठ रिळं. रीळ संपायला सुमारे आठ सेकंद उरले की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो. तो पाहून ऑपरेटर दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करतो. दुसरा ठिपका आला की इकडचा झडपा बंद, तिकडचा उघडा. हे नीट जमलं तर खाली बसलेल्याला काही कळत नाही. ठिपका चुकला तर पडदा पांढरा होतो आणि शिट्ट्या सुरू होतात.

याच कामामुळे ऑपरेटरला एक हिशेब आपोआप कळतो. ठिपका बघायला तो भिंतीतल्या चौकोनी काचेपाशी उभा राहतो, तेव्हा त्याला पडद्याच्या आधी खुर्च्या दिसतात. कुठल्या रिळाला डोकी स्थिर आहेत, कुठल्या रिळाला मोबाइल उजळू लागले, कुठल्या रिळाला मधल्या वाटेने माणसं उठली. समीक्षकाचे तारे शुक्रवारी छापून येतात. हा हिशेब कुठेही छापून येत नाही, पण प्रेक्षकाचं खरं मत त्यात असतं, आणि आम्हाला ते मोलाचं वाटतं.

‘चांदनी चौक’बद्दल सगळ्यात जास्त ऐकू आलेलं मत साधं होतं: पहिला भाग ठीक, पुढे झोपला. असं वाक्य ऐकलं की पिक्चरवाले मान हलवतात आणि ‘लांबला असेल’ म्हणतात. पण लांबीची तक्रार बहुतेक वेळा लांबीबद्दल नसतेच. या चित्रपटात सिद्धूचा पालनकर्ता दादा, म्हणजे मिथुन चक्रवर्ती, खलनायक होजोच्या हातून मरतो. तिथपर्यंत लोक एका भोळ्या माणसावर हसत होते. त्याला एका बटाट्यात गणपती दिसतो आणि तो त्या बटाट्याची पूजा करतो. चीनमधल्या एका खेड्यातले लोक त्याला आपल्या जुन्या योद्ध्याचा अवतार समजून घेऊन जातात आणि त्याला वाटतं आपलं नशीब उघडलं. हा योद्धा नव्हेच, हे उघड होईल तेव्हा काय गंमत येईल, याची वाट बघत प्रेक्षक बसलेले असतात. दादाच्या मृत्यूनंतर सुडाची गोष्ट सुरू होते. म्हणजे हसण्यासाठी उघडलेलं खातं बंद न करताच रडण्याचं दुसरं खातं उघडलं. माणूस खुर्चीत चुळबुळ करतो तो इथे. घड्याळात तेव्हा कितीही वाजलेले असोत.

त्यात आणखी किती भरलंय बघा. दीपिका पदुकोणची दुहेरी भूमिका, लहानपणी ताटातूट झालेल्या जुळ्या बहिणी, स्मृती गेलेला बाप, पॅराशूट होणारी छत्री, भाषांतर करणारं यंत्र, धारदार कडेची टोपी. यातली एकेक गोष्ट वाईट नाही. हिंदी प्रेक्षकाला जुळ्या बहिणी आणि हरवलेला बाप प्रिय आहेत, पिढ्यान्‌पिढ्या. पण भरलेल्या पराठ्याचंच बघा ना. सारण लाटीपेक्षा जास्त झालं की कड फुटते.

(गावातला तमाशाचा फड. कंदिलासारखा पिवळा उजेड. सोंगाड्या आणि पाटील समोरासमोर. इथे त्यांचंच बोलणं ऐकू द्यावं, पंधरा सेकंद.)

दुसरं मत विनोदाचं: हसू आलं नाही. आता या फडाकडे बघा. सोंगाड्याने वाक्य टाकलं आणि थांबला. हशा वर चढला. तो अजून थांबलाय. हशा उतरणीला लागला, अजून पुरता संपलेला नाही, आणि नेमक्या त्याच क्षणी पुढचं वाक्य आलं. जरा आधी बोलला असता तर वाक्य हशात बुडालं असतं. उशिरा बोलला असता तर फड थंड पडला असता. बतावणीचं सगळं कसब या थांबण्यात आहे, आणि हशा आज कमी पडला तर सोंगाड्या आजच्या आज थांबणं कमी करतो.

पडद्यावरच्या नटाला हे करता येत नाही. त्याचं थांबणं एडिटिंगच्या टेबलावर आधीच ठरलेलं असतं.

(एडिटिंगची खोली. पट्टीवर एक तुकडा. दोन बोटं आणि कळफलक.)

विनोदी वाक्यानंतर एडिटर समोरच्या पात्राचा चेहरा ठेवतो, एक-दोन सेकंद. म्हणजे २४ ते ४८ फ्रेम. ही हशासाठी राखलेली जागा. थिएटर हसलं तर ती जागा भरते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. हसलं नाही तर त्या ४८ फ्रेम सगळ्यांना ऐकू येतात. नट डोळे मोठे करून उभा आहे, संगीतवाल्याने वर एक टुणकन आवाज टाकलाय, आणि सहाशे माणसं गप्प. असं तीनदा झालं की चौथा विनोद चांगला असला तरी लोक हसायला धजत नाहीत. शेजारचा हसत नाही ना, मग कसं हसायचं. म्हणून ‘हसू आलं नाही’ हे मत पहिल्या वीस मिनिटांत तयार होतं आणि पुढचे दोन तास टिकतं.

दुरुस्ती काय? रिकाम्या हॉलमध्ये स्वतःच्या माणसांबरोबर ट्रायल बघून ही जागा मोजता येत नाही. अनोळखी लोकांनी भरलेल्या हॉलमध्ये चाचणीचा खेळ लावायचा, खिशातल्या रेकॉर्डरवर फक्त हॉलचा आवाज टिपायचा, आणि तो आवाज टेबलावर चित्राखाली बसवून बघायचा. कुठे हशा पुढच्या वाक्यावर चढला, कुठे जागा रिकामी गेली, फ्रेमपर्यंत कळतं. रिकाम्या जागा कापल्या तर मिनिटं वाचतात, आणि वाचलेल्या विनोदांना धार येते.

(मुंबई, स्टंटची तालीम. पुठ्ठ्याची खोकी, वर गाद्या. कपड्यांखाली हार्नेस बांधला जातोय.)

तिसरं मत मारामारीचं: खोटं वाटतं.

हार्नेसचे पट्टे मांड्यांतून आणि कमरेवरून येतात. पट्टा सैल राहिला तर झटक्याला तो वर सरकतो आणि काखेत किंवा जांघेत काचतो, म्हणून बांधणारा दोन बोटं घालून बघतो. पोलादी तार कप्पीवरून मागे जाते आणि दुसऱ्या टोकाला माणसं असतात. फाइट मास्टर आकडे मोजतो. स्टंटवाल्याने गुडघे वाकवून जमीन रेटायची आणि त्याच क्षणी तार ओढली गेली पाहिजे. ओढणारे निमिषभर आधी गेले तर पाय रेटण्यापूर्वीच देह उचलला जातो.

(हाच प्रसंग दोनदा, संथ गतीत. आधी चुकलेला, मग जमलेला.)

फरक दिसला? पहिल्यात माणूस बाहुलीसारखा वर गेला. दुसऱ्यात त्याने उडी मारली. तार नंतर संगणकावर एकेका फ्रेममधून पुसतात, पण चुकलेलं वजन पुसता येत नाही. उतरतानाही तेच. टाचा टेकल्यावर गुडघा वाकला नाही, कंबर खाली बसली नाही, तर डोळ्याला फसवणूक कळते. भौतिकशास्त्र न शिकलेल्या पोरालाही कळते.

‘चांदनी चौक’मध्ये तारांचं काम बरंच सफाईचं आहे, हे मान्य करायला हवं. अक्षय कुमारचं शरीर तालमीतलं आहे, तेही दिसतं. तरीही ‘खोटं’ हा शब्द आला, कारण लोकांचा आक्षेप उडण्यावर नव्हता. कोण उडतोय, यावर होता. त्यांना भाजी चिरणाऱ्याला लढताना बघायचं होतं. सुरीची लय, पीठ मळण्याचा जोर, कढईपाशी उभं राहून कमावलेली चपळाई. पहिल्याच झटापटीत ते चुकून लागायला हवं होतं, दुसऱ्या वेळी फसायला हवं होतं. मग शेवटी ते बाहेर आलं असतं तेव्हा थिएटर उभं राहिलं असतं. तोच तो गुण तीनदा दाखवला की प्रेक्षक नायकाच्या एक पाऊल पुढे जातो आणि त्याच्यासाठी ओरडू लागतो. एकदाच, शेवटी दाखवला तर ती युक्ती वाटते.

(बुकिंगची खिडकी. जाड कार्डाची जुनी वही. बोट ओळीवरून खाली सरकतं.)

हा डीसीआर, रोजच्या वसुलीचा कागद. खेळाप्रमाणे ओळी: बारा, तीन, सहा, नऊ. वर्गाप्रमाणे रकाने: स्टॉल, बाल्कनी. किती तिकिटं फाडली, एकूण किती जमले, तेव्हाचा करमणूक कर किती, वितरकाचा हिस्सा किती. धंद्यातली माणसं शुक्रवारचा आकडा बघून पोस्टरचं मोल करतात आणि सोमवारचा बघून पिक्चरचं. सोमवार शुक्रवारच्या निम्म्यावर टिकला तर लोक लोकांना पाठवतायत. ‘चांदनी चौक’ला पहिल्या शनिवार-रविवारी गर्दी होती, त्यानंतर वसुली वेगाने घसरली. नेपाळमध्ये बुद्धाच्या जन्मस्थानाच्या उल्लेखावरून निदर्शनं झाली आणि तिथे खेळ थांबले.

(पुन्हा थिएटर, आतून. बाजूचं दार, जाड पडदा, लोखंडी कडी.)

दारावरचा माणूस पडदा बघत नाही. तो बरीच वर्षं फक्त आवाज ऐकत आलाय. शेवटची मारामारी सुरू झाल्याचं त्याला ढिशुमवरून कळतं, आणि पिक्चर पकड घेऊन आहे की नाही ते खुर्च्यांच्या आवाजावरून. पकड असेल तर खुर्च्या गप्प असतात. नसेल तर एकेक बैठक फटकन मागे आपटू लागते, आधी मागच्या रांगांत, मग बाल्कनीखाली. मग तो वाट बघत नाही. कडी काढतो, पडदा बाजूला करतो, उन्हाची एक पट्टी पायऱ्यांवर पडते.

(ऑपरेटर शेवटचं रीळ चढवतो. फिल्म गेटमधून जाते. खाली हॉल रिकामा.)

शेवटच्या रिळात सिद्धू होजोसमोर उभा राहतो. मार खाऊन झालेला आहे, शिकवलेलं सगळं संपलेलं आहे. आणि तेव्हा त्याचे हात आपल्या जुन्या कामाला लागतात, टपरीवरच्या. तळव्याची गादी पुढे, वजन कमरेतून. मळल्यासारखं.

दार उघडं आहे. बाहेर पडणाऱ्यांची पाठ पडद्याकडे आहे.

(निवेदन इथे संपतं. प्रोजेक्टरचा आवाज रीळ सुटेपर्यंत राहू द्यावा.)