इलेक्ट्रॉन फुटत का नाही?

चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातील पडघ्याकडे जाणाऱ्या आणि सुरुवातीला विदर्भातील कपाशीच्या वावरांवरून निघणाऱ्या ७५२ किलोमीटर लांबीच्या वीजवाहिनीवर ५०० किलोव्होल्टचा दाब असतो. मनोऱ्यापासून तारा दूर ठेवण्यासाठी विद्युतरोधक चकत्यांच्या लांब माळा लागतात, कारण हवा मीटरमागे सुमारे ३० लाख व्होल्टपर्यंतचेच विद्युतक्षेत्र सहन करते आणि त्यापुढे तिच्यातून ठिणगी जाते. इलेक्ट्रॉनच्या अगदी जवळचे क्षेत्र मात्र याच्या अब्जावधी पटींनी प्रबळ असते.

या वाहिनीपासून जवळच असलेल्या एका खेड्यातील शाळेत, सजातीय विद्युतभार एकमेकांना दूर लोटतात हे शिकवून होताच, नववीतील एका मुलीने विचारले, "सर, इलेक्ट्रॉन अख्खाच ऋणभाराचा असन, तं मंग तो फुटत काहून नाही?" पाठ्यपुस्तकात याचे उत्तर नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी युरोपातील अग्रगण्य भौतिकशास्त्रज्ञ याच प्रश्नापाशी अडले होते.

त्याची सुरुवात १८८१ मध्ये जे. जे. थॉमसन यांच्या गणिताने झाली. भारित गोल गतिमान झाला की त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, ते निर्माण करण्यासाठी जास्तीची ऊर्जा खर्च होते, आणि परिणामी तो गोल आपल्या मूळ वस्तुमानापेक्षा जड असल्यासारखा वागतो. १९०० मध्ये विल्हेल्म वीन यांनी हा विचार उलटा फिरवला: सर्वच वस्तुमान जर विद्युतचुंबकीय असेल, तर न्यूटनचे यंत्रशास्त्र मॅक्सवेलच्या, म्हणजे विद्युत व चुंबकीय क्षेत्रांचे नियम सांगणाऱ्या, समीकरणांतून काढता आले पाहिजे. माक्स आब्राहाम यांनी त्यासाठी न दबणाऱ्या गोलाकार इलेक्ट्रॉनचे प्रारूप मांडले, तर डच भौतिकशास्त्रज्ञ हेंड्रिक लोरेंट्झ यांनी १९०४ मध्ये गतीच्या दिशेने चपटा होणारा इलेक्ट्रॉन मांडला. वॉल्टर काउफमान यांनी रेडियममधून निघणारे वेगवान इलेक्ट्रॉन मोजून वेगाबरोबर वस्तुमान वाढते असे दाखवले, तेव्हा वीन यांचे स्वप्न साकार झाल्यासारखे वाटले.

तसे झाले नाही. चपटा होऊ शकणारा गोल फुटूही शकतो, म्हणून त्याला एकत्र धरून ठेवणारे, विद्युतचुंबकीय नसलेले काहीतरी हवे, हा आब्राहाम यांचा आक्षेप बिनतोड होता. फ्रेंच गणितज्ञ आंरी पोआँकारे यांनी १९०५ मध्ये त्यासाठी इलेक्ट्रॉनला एकत्र दाबून धरणारा वेगळा ताण गृहीत धरला. पण बाहेरून आणलेल्या त्या ताणामुळे 'सर्व काही विद्युतचुंबकीय' हा दावाच उरला नाही. शिवाय वेगाबरोबरची ती वाढ सापेक्षतेच्या सिद्धान्तानुसार प्रत्येक वस्तुमानात होते, मग ते कोठूनही आलेले असो. त्यामुळे काउफमान यांच्या प्रयोगाचा पुरावा वीन यांच्या बाजूने उभा राहूच शकत नव्हता. माझ्या मते या सगळ्या इतिहासातील सर्वांत शिकण्याजोगी जागा हीच आहे.

अडचण आकाराचीही होती. सर्व वस्तुमान क्षेत्रातूनच यायचे असेल तर इलेक्ट्रॉनची त्रिज्या सुमारे २.८ फेम्टोमीटर (एक फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग) निघते, आणि टकरींच्या प्रयोगांत तो त्याच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान असल्याचे दिसते. एवढ्या लहान गोलाच्या क्षेत्राची ऊर्जा त्याच्या प्रत्यक्ष वस्तुमानाच्या हिशोबाबाहेर जाते.

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्ताव मी (Mie) यांनी १९१२ मध्ये मॅक्सवेलची समीकरणेच बदलण्याचा मार्ग सुचवला आणि १९३४ मध्ये माक्स बॉर्न व लिओपोल्ड इन्फेल्ड यांनी त्याला सुबक रूप दिले. हवेला जशी सहनशक्तीची मर्यादा आहे, तशी खुद्द निर्वातातील क्षेत्रालाही आहे, असे त्यांनी मानले. ही मर्यादा मीटरमागे सुमारे एकावर वीस शून्ये इतके व्होल्ट असल्यास बिंदुरूप इलेक्ट्रॉनच्या क्षेत्राची ऊर्जाही सांत, म्हणजे मर्यादित, राहते. पुढे रामन यांच्या निमंत्रणावरून बॉर्न १९३५-३६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राहिले होते. सिद्धान्त देखणा होता; पण ती मर्यादा इलेक्ट्रॉनच्या ज्ञात वस्तुमानावरूनच बेतलेली होती, म्हणजे जे सिद्ध करायचे तेच आधी आत घातलेले होते. २०१७ मध्ये सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेतील शिशाच्या आयनांच्या टकरींत प्रकाशावर प्रकाश आपटून विखुरल्याचे पुरावे मिळाले, आणि त्यांवरून काढलेल्या अनुमानानुसार अशी मर्यादा असलीच तर ती बॉर्न यांच्या आकड्याच्या कोट्यवधी पट वर असायला हवी.

क्वांटम सिद्धान्त टाळू पाहणारे इतर प्रयत्नही आहेत. आल्फ्रेड पार्सन यांनी १९१५ मध्ये इलेक्ट्रॉन हे विद्युतभाराचे फिरते कडे आहे असे म्हटले होते, आणि त्याच्या सुधारित आवृत्त्या आजही हौशी अभ्यासकांकडून येत राहतात. त्यांपैकी बहुतेकांत कड्याची त्रिज्या हवे ते उत्तर मिळेल अशी निवडलेली असते. ट्रेव्हर मार्शल आणि टिमोथी बॉयर यांची मांडणी यापेक्षा बरीच गंभीर आहे. निर्वातात सदैव यादृच्छिक विद्युतचुंबकीय लहरी असतात एवढेच गृहीत धरून त्यांनी कंपकाचे, म्हणजे स्प्रिंगला बांधल्यासारख्या मागेपुढे हलणाऱ्या कणाचे, वर्तन बरोबर काढले. परंतु हायड्रोजनच्या २०१५ मधील संगणकीय गणनेत इलेक्ट्रॉन अखेर अणूतून निसटून गेला.

त्या मुलीच्या प्रश्नाला क्वांटम विद्युतगतिकीचे, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि प्रकाश यांच्या आजच्या क्वांटम सिद्धान्ताचे, उत्तर असे आहे की इलेक्ट्रॉनला भाग नाहीत, त्यामुळे एका भागाने दुसऱ्याला लोटण्याची वेळच येत नाही. इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय आघूर्णाचे (तो किती प्रबळ चुंबक आहे याचे) मोजमाप आणि या सिद्धान्ताची गणना सुमारे बारा अंकांपर्यंत जुळतात, आणि कोणत्याही पर्यायाला आधी तेवढे जुळवून दाखवावे लागते. त्याचे वस्तुमान मात्र हा सिद्धान्तही काढून देत नाही. तो आकडा प्रयोगशाळेत मोजून समीकरणात घालावा लागतो.