दात काढताना गुंगी कोणती घ्यावी?

नमस्कार. दात काढायला आलेली माणसे खुर्चीत टेकण्याआधीच मला सांगतात, "दोतोर, मला झोपवूनच काढा." आजच्या व्याख्यानाचा विषय हीच मागणी आहे. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे, कारण त्या एका वाक्यात वेदना आणि भीती या दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात आणि त्यांवरचे उपाय मात्र वेगळे आहेत.

वेदनेचा उपाय म्हणजे जागा बधिर करण्याचे इंजेक्शन. त्यात बहुधा लिग्नोकेन असते आणि त्याचा परिणाम अधिक वेळ टिकावा म्हणून थोडे अ‍ॅड्रिनलिन मिसळलेले असते. खालच्या जबड्यात ते नीट बसले, की काही मिनिटांत त्या बाजूचा ओठ जड होतो, म्हणून आम्ही "ओठ जाड वाटतो का?" असे पुन्हा पुन्हा विचारत असतो. गुंगीचे औषध हे काम करीत नाही. ते मनाला सैल करते, म्हणून गुंगी दिली तरी इंजेक्शन द्यावेच लागते. दाढेखाली पू साठून गाल सुजला असेल तर तिथल्या पेशी आम्लधर्मी होतात आणि लिग्नोकेन मज्जातंतूपर्यंत पुरेसे पोहोचत नाही. अशा वेळी गुंगी वाढवून उपयोग नसतो, आधी तो पू काढून सूज उतरवावी लागते.

साठी ओलांडलेल्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. खुर्चीचा हात त्यांनी इतका घट्ट धरला होता की बोटांची पेरे पांढरी पडली होती. मी विचारले, "मावशी, भीती नेमकी कशाची वाटते? सुईची, दुखण्याची, की आणखी कशाची?" बराच वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, "आवाजाची. लहानपणी दाढ काढताना डोक्यात कडकड वाजलं होतं." जागा बधिर झाली तरी दाब जाणवतो आणि हाडातून आवाज कानापर्यंत जातो, हे खरेच आहे. त्यांना आधीच सांगितले, की आवाज होईल, तो दाढ सुटत असल्याचा असेल, आणि तुम्ही हात वर केलात की मी थांबेन. त्यांना इंजेक्शनाखेरीज काहीही लागले नाही.

पणजीत जुन्या सचिवालयाजवळ आबे फारिया यांचा पुतळा आपण सगळ्यांनीच पाहिला आहे. कांदोळीत 1756 साली जन्मलेल्या या गोंयकाराने पॅरिसमध्ये असे मांडले, की संमोहनाची शक्ती संमोहकाच्या हातात नसून समोरच्याच्या मनात असते. दाताच्या खुर्चीपाशी मला त्याची रोज आठवण होते, कारण नीट समजावून सांगितलेला रुग्ण कमी औषधात शांत होतो.

तरीही काहींना बोलणे पुरत नाही. त्यांच्यासाठी पहिला पर्याय नायट्रस ऑक्साइडचा, म्हणजे ज्याला हसवणारा वायू म्हणतात त्याचा. अमेरिकेतील हार्टफर्डचे दंतवैद्य होरेस वेल्स यांनी 11 डिसेंबर 1844 रोजी हा वायू घेऊन स्वतःचीच दाढ काढून घेतली होती. आज तो प्राणवायूत मिसळून नाकावरच्या छोट्या मास्कमधून देतात. चार-पाच मिनिटांत हातपाय हलके वाटू लागतात, रुग्ण जागा असतो आणि बोलतो, आणि शेवटी काही मिनिटे नुसता प्राणवायू दिला की परिणाम लवकर ओसरतो. मध्यम भीतीसाठी मी हाच मार्ग आधी सुचवतो. मात्र सर्दीने नाक चोंदलेले असेल तर तो कुचकामी ठरतो, आणि गरोदरपणाचे पहिले महिने किंवा बी-12 जीवनसत्त्वाची मोठी कमतरता असेल तर टाळलेला बरा.

दुसरा पर्याय गुंगीच्या गोळीचा. गोळी सोपी वाटते, आणि म्हणूनच ती लोकांना आवडते. माझ्या मते तिच्याबद्दल सावध राहायला हवे. पोटात गेलेली गोळी कुणाला किती चढेल हे आधी सांगता येत नाही आणि चढल्यावर ती मागे घेता येत नाही. शिरेतून दिलेले मिडाझोलाम हे गुंगीचे औषध थेंबाथेंबाने, थांबून-थांबून देता येते, बरेच रुग्ण नंतर प्रसंगही विसरतात, आणि त्यावर फ्लुमाझेनिल हा उतारा उपलब्ध आहे. पण उताऱ्याचा परिणाम आधी संपू शकतो, म्हणून रुग्णाला लगेच सोडता येत नाही. शिवाय दात काढणाऱ्याखेरीज केवळ रुग्णाच्या श्वासाकडे लक्ष ठेवणारी प्रशिक्षित व्यक्ती, बोटाला पल्स ऑक्सिमीटर आणि हाताशी प्राणवायू हवाच. हे जिथे नाही, तिथे शिरेतली गुंगी घेऊ नका, डॉक्टर कितीही ओळखीचे असोत. पूर्ण भूल ही रुग्णालयात, भूलतज्ज्ञाच्या हातून. हाडात आडव्या रुतलेल्या अनेक अक्कलदाढा एकदम काढायच्या असतील किंवा रुग्णाला सहकार्य करणेच शक्य नसेल तेव्हा ती योग्य ठरते.

निवड करताना आमच्यापासून काही लपवू नका. रात्री घोरताना श्वास अडकतो का, यकृताचा आजार आहे का, झोपेची गोळी चालू आहे का, हे सांगा. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका. आणि धीर यावा म्हणून फेणीचा एक पेग, हुर्राकाच्या (काजूच्या हंगामातल्या हलक्या दारूच्या) दिवसांत एक ग्लास, घेऊन येणारे मी पाहिले आहेत; दारू आणि ही औषधे मिळून श्वास मंदावतात, तेव्हा घेतली असेल तर लाजू नका, आपण दुसरा दिवस ठरवू.

घरी जाण्याचा प्रश्न आपल्या गोव्यात फार मोलाचा आहे. व्यवसायाच्या सुरुवातीला एका तरुणाला मी गोळी दिली होती. "कोण नेणार?" असे विचारले, "भाऊ येतोय" असे उत्तर मिळाले, आणि मी निश्चिंत झालो. भाऊ स्कूटर घेऊन आला होता. पहिल्याच वळणावर मागे बसलेला तरुण झोपेत कलंडला. गाडी सावकाश होती म्हणून गुडघ्यावर निभावले. कशावरून नेणार, हे मी विचारले नव्हते, ही माझी चूक होती. गोळी किंवा शिरेतली गुंगी घेतलेल्या माणसाने 24 तास गाडी चालवू नये हे सर्वांना ठाऊक असते. पण त्या दिवशी पायलटच्या, म्हणजे भाड्याने मोटरसायकलवरून नेणाऱ्याच्या, किंवा कुणाच्याही मागे दुचाकीवर बसणेही तितकेच धोक्याचे आहे. आता मी चारचाकी ठरली आहे का, हे तारीख देतानाच विचारतो, आणि दिवाडी-चोडण या बेटांवरून येणाऱ्यांना सकाळची वेळ देतो, म्हणजे फेरीबोटीवर चढताना त्यांची गुंगी उतरलेली असते आणि हात धरायला घरचे माणूस सोबत असते.